आपलंच काही जळालं असेल, तर त्यावर संशोधन करावं का?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात एक विषय आधीपासूनच असतो, आणि नेमका तोच सांगायला ते कचरतात. वडील ज्या गिरणीत होते ती बंद पडली, आजीची जमीन धरणात गेली, आपल्या वस्तीची नोंद कुठल्याच कागदावर सापडत नाही. पण सिनॉप्सिस लिहायची वेळ आली की हा विषय गुपचूप बाजूला पडतो आणि ‘अमुक योजनेचा तमुक तालुक्याच्या विशेष संदर्भात चिकित्सक अभ्यास’ असं काहीतरी पुढे केलं जातं. कारण समितीत कोणीतरी म्हणणारच, ‘हे फार वैयक्तिक होतंय.’

मलाही म्हणाले होते. माझा विषय बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या कामगारांचा, आणि त्या कामगारांपैकी एक आमच्या घरातच. ‘मग तुम्ही तटस्थ कशा राहणार?’ या प्रश्नावर त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे एका पुस्तकाने अर्धं उत्तर दिलं. उरलेलं अर्धं त्या पुस्तकात जे मला पटलं नाही, त्यातून मिळालं. आज त्या पुस्तकाबद्दल लिहितेय. पुस्तक वाइनच्या गुन्ह्याबद्दल आहे, लेखिका एका शहराच्या स्थानिक बातमीदारीतून आलेली आहे, आणि आपल्या कामाशी याचा काय संबंध असं तुम्हाला वाटेल. थोडं थांबा, संबंध आहे.

आधी हकिकत

१२ ऑक्टोबर २००५ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो गावी, मेअर आयलंडवरच्या ‘वाइन्स सेंट्रल’ नावाच्या गोदामाला आग लागली. जागा पूर्वी नौदलाची, भिंती जाड काँक्रीटच्या. आत काहीही ठेवा, सुरक्षित राहील असं वाटावं अशीच. त्या आगीत सुमारे ४५ लाख बाटल्या वाइन नष्ट झाली. नुकसान किमान २५ कोटी डॉलरचं धरलं जातं. आग लावली होती मार्क अँडरसन या माणसाने. सॉसालिटो गावात तो ‘सॉसालिटो सेलर्स’ नावाने लोकांची वाइन सांभाळून ठेवण्याचा धंदा करायचा. गिऱ्हाइकांच्या बाटल्या त्याने परस्पर विकल्या होत्या, त्याबद्दल त्याच्यावर आधीच गुन्हाही दाखल झाला होता, आणि उरलेला माल याच गोदामात होता. २००९ मध्ये त्याने जाळपोळ, फसवणूक, करचुकवेगिरी धरून १९ गुन्ह्यांची कबुली दिली. मग ती मागे घ्यायचा प्रयत्न केला, न्यायालयाने तो मानला नाही, आणि २०१२ मध्ये त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली. शिवाय सुमारे ७ कोटी डॉलर भरपाईचा आदेश.

या आगीत जळालेल्या बाटल्यांमध्ये १७५ बाटल्या फार जुन्या होत्या. पोर्ट आणि अँजेलिका या गोड वाइनच्या, १८७५ सालच्या, रँचो कुकामोंगा इथल्या मळ्यातल्या. त्या केल्या होत्या आयझायस हेलमन यांनी. हेलमन म्हणजे बव्हेरियातून १८५९ मध्ये लॉस अँजेलिसला आलेला ज्यू तरुण, जो पुढे कॅलिफोर्नियातला मोठा बँकर झाला. फ्रान्सिस डिंकलस्पील या पत्रकार-लेखिकेचे ते खापरपणजोबा. त्यांच्यावर डिंकलस्पील यांनी २००८ मध्ये ‘टॉवर्स ऑफ गोल्ड’ हे चरित्र लिहिलं. आणि आगीवर, त्या १७५ बाटल्यांवर आणि त्या मळ्याच्या इतिहासावर २०१५ मध्ये ‘टँगल्ड व्हाइन्स’.

म्हणजे बघा, लेखिका पीडित कुटुंबातली. ज्या मळ्याचा इतिहास ती लिहितेय त्याच्या एका मालकाची वंशज. आणि आग लावणाऱ्याबद्दलही तीच लिहितेय. आपल्या समितीसमोर हा सिनॉप्सिस गेला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता.

बातमीदाराची चिकाटी म्हणजे नेमकं काय

डिंकलस्पील यांचं रोजचं काम वाइनवर लिहिण्याचं नव्हतं. २००९ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ‘बर्कलीसाइड’ ही बर्कली शहराची बातम्यांची साइट सुरू केली. नगरपरिषदेची बैठक, शाळा, पोलीस, घरभाडी, कोपऱ्यावरचं दुकान बंद होणं, अशा बातम्या. त्या आधी त्या वर्तमानपत्रात होत्या. पुस्तकं लिहिली ती या कामाच्या जोडीने.

आपण ‘स्थानिक पत्रकार’ हा शब्द जरा खालच्या पट्टीत वापरतो. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये वर्तमानपत्राचं कात्रण घातलं की गाईड विचारतात, ‘यापेक्षा बरा सोर्स नाही का?’ पण या पुस्तकाच्या तारखा एका ओळीत मांडून पाहा. आग २००५, कबुली २००९, शिक्षा २०१२, पुस्तक २०१५. दहा वर्षं. आग लागली तेव्हा बातमी सगळ्यांची होती. शिक्षा झाली तेव्हाही एक दिवस होती. मधली वर्षं कोणाचीच नव्हती. त्या मधल्या वर्षांत तारखांमागून तारखा पडतात, अर्ज-विनंत्या होतात, आरोपी वकील बदलतो, जबाब फिरवतो. हे सगळं न्यायालयाच्या कागदावर येतं आणि कोणी वाचत नाही. स्थानिक बातमीदाराला असे कागद वाचायची सवय असते, कारण नगरपरिषदेचा अजेंडाही तसाच कंटाळवाणा असतो.

तुमच्या संशोधनासाठी पहिली गोष्ट इथे आहे. घटना संपली की बातमी संपते, पण कागद संपत नाहीत. तुमच्या विषयातली ‘मधली वर्षं’ कोणती, हे स्वतःला विचारा. माझ्या बाबतीत गिरणी बंद पडल्याची तारीख सगळ्यांना पाठ होती. पण अवसायक नेमला गेल्यापासून शेवटच्या कामगाराला देणं मिळेपर्यंतच्या वर्षांबद्दल कुठेच काही नव्हतं. माझा प्रबंध तिथेच उभा राहिला.

खोटं बोलणारा साक्षीदार

डिंकलस्पील अँडरसनला तुरुंगात भेटल्या, त्याच्याशी पत्रव्यवहार केला. आता हा माणूस वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांशी खोटं बोललेला. त्याची मुलाखत घेऊन उपयोग काय?

हा प्रश्न तुम्हाला फील्डवर रोज भेटणार आहे. गिरणीचे माजी संचालक मला तासभर सांगत होते की कामगारांच्या संपामुळेच गिरणी बुडाली. मी सगळं लिहून घेतलं आणि घरी येऊन वैतागले. वैतागायची गरज नव्हती. खोटं बोलणाऱ्याच्या मुलाखतीतून ‘काय घडलं’ ते मिळत नसेल, पण ‘काय घडलं असं लोकांनी मानावं असं याला वाटतं’ ते नक्की मिळतं. तीही माहितीच असते. अट एकच, घटनेची बाजू वेगळ्या कागदाने सिद्ध झालेली हवी. या पुस्तकात आग कोणी लावली हे अँडरसनच्या शब्दांवर टेकलेलं नाही, ते तपास आणि खटल्यावर टेकलेलं आहे. त्याच्या भेटी येतात त्या माणूस कळावा म्हणून. तुमच्या प्रकरणांमध्येही हे दोन कप्पे वेगळे ठेवा. व्हायवाला पहिला प्रश्न इथेच येतो.

आणि कागदाशिवाय लिहिलं तर काय होतं, किंवा कागद असूनही काय होऊ शकतं, त्याचा धडाही वाइनच्याच पुस्तकांत आहे. १९८५ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात १७८७ ची म्हणून सांगितलेली, थॉमस जेफरसनची म्हणून गाजवलेली एक लाफीतची बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. त्या बाटल्यांच्या खरेपणावर बेंजामिन वॉलेस यांनी २००८ मध्ये ‘द बिलियनेअर्स व्हिनेगर’ लिहिलं. लिलाव करणारे मायकेल ब्रॉडबेंट यांनी प्रकाशकावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. २००९ मध्ये तडजोड झाली, प्रकाशकाने माफी मागितली आणि ब्रिटनमध्ये पुस्तक वितरित न करण्याचं मान्य केलं. अमेरिकेत तेच पुस्तक विकलं जात राहिलं. त्या बाटल्या जेफरसनच्या होत्या हे काही या तडजोडीने सिद्ध झालं नाही. प्रश्न होता, एका जिवंत माणसाच्या हेतूबद्दल तुम्ही वाचकाला काय सुचवता हा. ‘संचालकांनी संगनमताने’ असं वाक्य प्रबंधात टाइप करण्याआधी हा किस्सा आठवा. ‘संगनमत’ हा निष्कर्ष आहे. त्याच्या आधी ठराव, तारीख आणि सह्या यायला हव्यात.

जिथे पुस्तक घसरतं

आता टीका. पुस्तक दोन धाग्यांनी चालतं. एक अँडरसनचा, दुसरा रँचो कुकामोंगाच्या मळ्याचा. हा दुसरा धागा १८३९ च्या जमीन-बक्षिसापासून, म्हणजे तिबुर्सिओ तापियापासून सुरू होतो. मग जॉन रेन्स येतो. त्याने १८५८ मध्ये हे रँचो घेतलं, ते बायकोच्या, मेरसेद विल्यम्सच्या, वारशाच्या पैशातून, पण मालमत्ता लावली स्वतःच्या नावावर. मळा वाढवला, कर्ज वाढवलं, आणि नोव्हेंबर १८६२ मध्ये रस्त्यात त्याचा खून झाला. खुनी कोण ते कधीच सिद्ध झालं नाही. नंतरच्या वर्षांत संशयित मारला गेला, मेरसेदच्या मालमत्तेचा कारभार पाहणारा तिचा मेहुणाही गोळीबारात मेला. कर्जात बुडालेलं ते रँचो शेवटी विक्रीला निघालं आणि हेलमन यांच्याकडे आलं.

हे सगळं विलक्षण आहे, आणि वाचताना पान सोडवत नाही. पण हे सगळं एका आगीशी कशाने जोडलेलं आहे? पुस्तकाच्या उपशीर्षकातच लोभ, खून, झपाटलेपण आणि आग लावणारा असे चार शब्द एका रांगेत उभे आहेत. म्हणजे सांधा आहे माणसाच्या लोभाचा. माझा आक्षेप इथे आहे. लोभ हे कारण नव्हे. लोभ १८६२ मध्येही होता, २००५ मध्येही होता आणि ज्या वर्षी काहीच घडलं नाही त्या वर्षीही होताच. जी गोष्ट नेहमीच असते, तिने एखादी घटना त्याच वेळी, त्याच जागी का घडली हे सांगता येत नाही. आपल्या प्रबंधांत ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’ हा शब्दप्रयोग हेच काम करतो. कुठेही लावा, बसतो, म्हणून काहीच सांगत नाही.

मग खरं कारण कुठे शोधायचं? ते पुस्तकातच आहे, फक्त लेखिकेने त्याला सिद्धान्ताची जागा दिलेली नाही. वाइन ठेवायला देण्याचा धंदा कसा चालतो ते पाहा. गिऱ्हाईक बाटल्या देतो, दरमहा भाडं देतो आणि वर्षानुवर्षं त्या बघत नाही. बघायचं नसतंच, कारण बाटलीची किंमत ती न हलवण्यात, न उघडण्यात असते. सांभाळणारा आतली बाटली विकतो, भाडं घेत राहतो. चोरी कळते ती गिऱ्हाईक माल परत मागेल त्याच दिवशी. खोट्या वाइनचंही तसंच. रूडी कुर्नियावानने अमेरिकेतल्या श्रीमंतांना वर्षानुवर्षं बनावट बाटल्या विकल्या. २००८ मध्ये लिलावाला आलेल्या काही बाटल्यांवर पॉन्सो घराण्याचं नाव होतं आणि सालं अशी होती, की त्या सालांत ते घराणं ती वाइन करतच नव्हतं. लॉराँ पॉन्सो स्वतः उठून न्यूयॉर्कला आले तेव्हा तो लॉट मागे घेतला गेला. २०१३ मध्ये कुर्नियावान दोषी ठरला, पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा. पण बाटली फोडून चव घेऊन पकडणारे कमी, लेबलावरचं साल आणि घराण्याचा इतिहास जुळतो का हे पाहणारे जास्त उपयोगी पडले.

म्हणजे वाइनच्या गुन्ह्याच्या मुळाशी ‘तपासलं तर किंमत जाते’ अशी वस्तू आणि तिच्याभोवतीचा भरवशाचा व्यवहार आहे. हे उत्तर लोभाइतकं रंगतदार नाही. पण ते दुसरीकडे लावून पाहता येतं आणि चुकीचं ठरवताही येतं. संशोधनाला तेवढंच हवं असतं. कामगारांच्या पतपेढीत माझे गिरणीवाले पैसे ठेवत होते ते असेच, न मागता, न बघता.

बाटलीला ज्यांचे हात लागले

दुसरा आक्षेप थोडा अवघड आहे, कारण पुस्तकाचं सर्वांत मोलाचं प्रकरणही तिथेच आहे. कॅलिफोर्नियाच्या वाइनची सुरुवातीची मेहनत मूलनिवासी लोकांची होती. १८५० मध्ये राज्याने जो कायदा केला त्याच्या नावात या लोकांचं ‘संरक्षण’ होतं. व्यवहारात लॉस अँजेलिसमध्ये रविवारी रात्री दारू प्यायल्याबद्दल त्यांना धरायचं, सोमवारी आठवड्याभराच्या मजुरीसाठी लिलावात मळेवाल्यांना द्यायचं, आणि मजुरीचा भाग म्हणून त्यांना पुन्हा द्राक्षाची ब्रँडीच द्यायची. पुढच्या रविवारी परत अटक. डिंकलस्पील हे झाकत नाहीत. स्वतःच्या पूर्वजाच्या हातात जमीन कशी आली, हेही झाकत नाहीत. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पण एक गोष्ट खटकत राहते. या मजुरांना आणि मेरसेदला पुस्तकात प्रवेश मिळतो तो १८७५ च्या बाटलीमुळे. त्या बाटल्या जळाल्या नसत्या तर त्यांची गोष्ट सांगितली गेली असती का? मौल्यवान वस्तूचा माग काढत गेलं की वाटेत माणसं भेटतात, पण कागदही वस्तूच्या मालकांचेच भरपूर मिळतात. हेलमन यांची कागदपत्रं जपलेली आहेत. सोमवारी लिलावात उभ्या केलेल्या माणसाची नाहीत.

याची दुसरी बाजू आपल्याकडे आहे. हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. महागड्या बाटलीच्या गुन्ह्यात विमा कंपनी, लिलावघर, संग्राहक, वकील सगळे कागद तयार करतात. स्वस्त दारूच्या गुन्ह्यात एफआयआर, शवविच्छेदनाचा अहवाल आणि खटला, एवढंच उरतं. तुम्ही कुठला विषय निवडता यात हाही निर्णय दडलेला असतो, आणि तो ‘साधनं उपलब्ध आहेत’ या वाक्यामागे आपण नेहमी लपवतो.

मग तटस्थतेचं काय?

समितीच्या प्रश्नाकडे परत येते. डिंकलस्पील तटस्थ नाहीत, तसा आवही आणत नाहीत. नातं सुरुवातीलाच सांगून टाकतात. पण माझ्या मते नातं सांगणं पुरेसं नसतं. ‘मी अमुक समाजातून येते, याची मला जाणीव आहे’ असं एक वाक्य प्रस्तावनेत टाकून पुढची तीनशे पानं निर्धास्त लिहिणारे प्रबंध मी वाचलेत. नात्याने तुम्हाला काय दिसलं, आणि नात्यामुळे काय दिसलं नसेल, हे दोन्ही सांगावं लागतं. नात्यामुळे डिंकलस्पील यांना ही गोष्ट दिसली. त्याच नात्यामुळे १७५ बाटल्या ४५ लाख बाटल्यांपेक्षा मोठ्या झाल्या, आणि ज्या छोट्या वाइनऱ्यांचा वर्षाचा सगळा माल गेला त्यांच्यापैकी अनेकांना विमाही मिळाला नाही, ही बाजू माझ्या दृष्टीने पुस्तकात जितकी यायला हवी होती तितकी आली नाही.

तुमचा विषय घरचा असेल तर सिनॉप्सिस देण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून पाहा. एक, माझ्या जागी परका माणूस असता तर त्याला यातलं काय मिळालंच नसतं? दोन, माझ्या घरच्यांना काय वाचून वाईट वाटेल, आणि ते मी लिहिणार आहे का? तीन, माझं मुख्य विधान चुकीचं ठरेल असा कागद कसा दिसेल, आणि तो मी कुठे शोधणार?

दुसऱ्या प्रश्नापाशी मी चार महिने अडकले होते. आमच्या घरातल्या कामगाराने बंदच्या आधी सहा महिने संचालकांच्या बाजूने सही केली होती, हे मला मुलाखतींतून कळलं. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ती सही आहे, तारखेसकट, नाव न देता. घरी मी ते प्रकरण वाचून दाखवलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, ‘सही होती. पण तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं की गिरणी चालेल. हेही लिही.’

तळटीप म्हणून नाही, मजकुरातच घातलं.